मागच्या दोन खोल्या आणि भोगवटदाराचा रकाना

मी, बेबीताई इंद्रभान हिवाळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी पिठाची गिरणी, आता घरकाम, राहणार देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा, हा लेख माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझे गुडघे गेलेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण डोके जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टर निशिगंधा मॅडमनी मला तपासून दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दाब आणलेला नाही. गेल्या आठवड्यापासून मला एका जागी बसवत नाही, हे खरे. ओट्यावर जाते, परत येते, लिहायला घेते, पुन्हा उठते. परंतु ती अस्वस्थता माझी स्वतःची आहे, कोणी लादलेली नाही.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. पहिले रागात केले, दुसरे मुलाच्या सांगण्यावरून. ती दोन्ही मी आज रद्द करते. त्यांच्या प्रती कोणाच्या पेटीत सापडल्या तर त्या चुलीत घालाव्यात.

कलम १. माझी माणसे.

माझे पती कालकथित इंद्रभान हिवाळे एस.टी.मध्ये चालक होते. आम्हांला मुलगा रवी, तो जालन्याला कारखान्यात सुपरवायझर आहे. आणि मुलगी मंजुश्री, ती लोणारला शिक्षिका आहे. दोघेही संसारात सुखी आहेत. याशिवाय या घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझी धाकटी जाऊ पंचफुला राहते. माझे दीर कालकथित मोतीराम यांची ती पत्नी. माहेर रोहिणखेड. मूलबाळ नाही. शाळेत पोरांचा भात शिजवायला जाते. कायद्याने ती माझी वारस होत नाही, असे वकिलांनी मला दोनदा सांगितले. मी दोनदा ऐकले.

कलम २. घर, आणि त्याची पट्टी कशी बसते.

देऊळगाव राजा येथील घर, समोर स्लॅबच्या तीन खोल्या, वर एक खोली, मध्ये अंगण, मागे टिनाच्या दोन खोल्या. जागा माझ्या पतीने पगारातून साठवून घेतली. खरेदीखत त्यांच्या नावाचे होते. त्यांच्या पश्चात फेरफार होऊन आता मिळकत माझ्या नावावर आहे. मुलांनी तेव्हा त्यांचे हक्क नोंदणीकृत लेखाने माझ्या लाभात सोडून दिले. त्यामुळे घर कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार मला आहे.

रवी आणि मंजुश्री, तुम्ही दोघांनी आजवर घरपट्टीचे बिल फक्त लांबून पाहिले आहे, म्हणून इथे लिहिते. मला समजले ते असे. पट्टी घराच्या विक्रीच्या किमतीवर बसत नाही. हे घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे आले असते, याचा अंदाज नगर परिषद बांधते. त्यासाठी माणसे येऊन टेप लावतात. भिंत विटांची की मातीची, वर स्लॅब की टिन, बांधकाम जुने की नवे, रस्ता कोणता, राहता की धंदा करता, स्वतः राहता की भाडेकरू ठेवला, हे सगळे लिहून नेतात. त्या अंदाजातून दुरुस्तीखर्चाची थोडी सूट वजा करून उरलेल्यावर पट्टी ठरते. पाणी, सफाई, शिक्षण, झाडे यांचे कर त्याच बिलात येऊन बसतात. ठरावीक वर्षांनी फेरआकारणी होते. तेव्हा नोटीस येते. नोटिशीवर हरकत घेण्याची मुदत लिहिलेली असते. ती मुदत गेली की माणूस ओरडत बसतो आणि बिल ऐकत नाही. बिल लवकर भरले तर सूट, उशीर केला तर दर महिन्याला शास्ती चढते. मी नेहमी नवे वर्ष लागताच भरत आले, तुम्हीही तसेच करावे.

समोरच्या खोलीत आमची चक्की होती, म्हणून त्या खोलीला धंद्याचा दर होता. पुढे चक्की मी बंद केली. तरी दोन बिले धंद्याच्याच दराने आली. चक्की थांबली होती, पट्टी दळतच होती. मी अर्ज दिला, माणूस येऊन पाहून गेला, मोटर काढलेली दिसली, तेव्हा खोली राहण्याच्या वापरात धरली. सांगायचे एवढेच की, घरात काही बदलले तर आपण होऊन कळवावे. त्यांना स्वप्न पडत नाही.

कलम ३. मोतीरामभाऊजींचे प्रकरण.

हे कलम वकिलांनी गाळायला सांगितले होते. मी गाळत नाही. मागच्या खोल्या मी कोणाला आणि का देते हे त्याशिवाय समजणार नाही.

माझे पती बसमध्ये चढता चढता छातीत दुखून गेले. त्याच्या पुढच्या वर्षी गावात फेरआकारणी सुरू झाली. मी तेव्हा मंजुश्रीच्या बाळंतपणाला लोणारला होते. घरी भाऊजी, पंचफुला आणि रवी. रवी कॉलेजला गेलेला. मोजणीची माणसे आली आणि त्यांनी विचारले, "मालक कोण?" भाऊजी म्हणाले, "मीच."

मी परत आल्यावर एके दुपारी नोटीस वाटणारा शिपाई दारात आला. "मोतीराम हिवाळे यांचं घर हेच ना?"

मी म्हणाले, "घर इंद्रभान हिवाळे यांचं आहे. मोतीराम त्यांचा भाऊ."

"माझ्याकडं मोतीरामच लिहेल हाये, बाई."

भाऊजी चक्कीतून बाहेर आले. भुवयांपर्यंत पीठ. मी नोटीस त्यांच्यापुढे धरली. "भाऊजी, हे काय?"

"वहिनी, भाऊ तं गेला. कोनाचं तरी नाव लागनारच होतं. मी लावलं."

"मी मेले होते का?"

"तुम्ही लोणारले होत्या."

हे ते इतक्या सरळपणे बोलले की मला क्षणभर माझेच काही चुकले असे वाटले. रवी त्यांच्या अंगावर धावून गेला. पंचफुला मध्ये पडली नसती तर चुलत्या-पुतण्याची तिथेच मारामारी झाली असती.

मी हरकत घेतली. खरेदीखताची नक्कल, पतीचा मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र असे सगळे गोळा करून अर्जाला लावले. सुनावणीच्या दिवशी नगर परिषदेत मी आणि रवी एका बाकावर, भाऊजी समोरच्या बाकावर, पंचफुला दाराबाहेर. साहेबांनी आधी भाऊजींना विचारले, "काका, जागा कोणी घेतली?"

"भावानं घेतली, साहेब."

"मग मालक म्हणून तुमचं नाव कसं?"

भाऊजी उभे राहिले. "साहेब, जागा भावाची, खोटं काऊन बोलू? पन मागच्या खोल्याच्या भिंती म्या उभ्या केल्या. गवंडी नाही लावला. चक्की म्या चालवली, पगार नाही घेतला. भाऊ म्हने, तू माझाच हायेस. आता भाऊ नाही. मंग मी कोनाचा?"

साहेब वयाने लहान होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "काका, हे रजिस्टर मालकीचं नाही. कर कोणाकडून घ्यायचा, एवढंच यात असतं. यात नाव लागलं म्हणून घर तुमचं होत नाही, आणि नाव नाही म्हणून तुमचे कष्ट खोटे होत नाहीत. पण तुम्ही सांगितलेलं नाव चुकीचं आहे. ते मला काढावं लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ताई, तुमचं नाव लागलं तरी मालकीचा पुरावा तुमचं खरेदीखतच. ते जपून ठेवा."

नाव दुरुस्त झाले. मी जिंकले. घरी येताना रवी पुढे चालत होता, मी मागे, आणि आमच्या बऱ्याच मागे ती दोघे. दुसऱ्या दिवशी भाऊजी चक्कीत आले नाहीत. पुढे कधीच आले नाहीत. बाजार समितीत हमाली करू लागले. अंगणात दोन दोऱ्या, दोन माठ झाले. बोलणे बंद. भाऊजी मूत्रपिंडाच्या आजाराने गेले तेव्हा मी मागच्या खोलीत गेले. किती वर्षांनी गेले होते ते मी मोजत नाही. भिंत खरोखरच ओळंब्यात होती.

त्यांनी माझे नाव पुसले, याचा राग मला आजही आहे. तो मी कोणाला देत नाही. माझ्याबरोबर जाऊ द्यावा.

कलम ४. पट्टीचा वाटा.

भाऊजींच्या पश्चात पहिल्या एप्रिलमध्ये मी बिल भरून आले. त्याच संध्याकाळी पंचफुला चक्कीच्या दाराशी उभी. हातात रुमालाची पुरचुंडी. तिने ती पिठाच्या डब्यावर ठेवली.

मी विचारले, "हे काय?"

"दोन खोल्याचं."

"मी तुझ्याकडून भाडं मागितलं का?"

ती म्हणाली, "भाडं नाही, बाई. पट्टी हाये. भाडं परक्याले लागते. पट्टी घरच्याले लागते."

मी पुरचुंडी उचलून तिच्या हातात परत द्यायला गेले. तिने हात मागे नेले. मग मी ठेवून घेतली. तेव्हापासून दर वर्षी तसेच चालले आहे. कोरोनाच्या वर्षी शाळा बंद होत्या, तिला काम नव्हते, तरी तिने तुरीची डाळ आणून ठेवली. मी तीही ठेवून घेतली. त्या डाळीचे वरण दोघींनी खाल्ले, ती तिकडे, मी इकडे.

कलम ५. गेल्या आठवड्यात काय झाले.

बालाजीची यात्रा आटोपली आणि पुन्हा फेरआकारणीची माणसे गल्लीत आली. आता टेप नाही, हातात लाल उजेडाचे यंत्र आणि मोबाईल. करिष्मा नावाची मुलगी होती, वागायला नीट. समोरच्या खोल्या मोजल्या. "स्वतः राहता ना, आजी?" म्हणाली. मी हो म्हणाले. मग ती मागे गेली. पंचफुला शाळेत गेली होती. दाराला कडी.

"इथं कोण राहतं?"

"माझी जाऊ."

"भाडेकरू लिहू?"

मी म्हणाले, "थांब."

"मग मालकीण त्या आहेत का?"

"नाही."

"आजी, भोगवटदाराच्या रकान्यात काहीतरी लिहावंच लागतं. रिकामा ठेवला तर हे पुढं सरकतच नाही." तिने मला मोबाईल दाखवला. खरेच सरकत नव्हते.

मी म्हणाले, "उद्या ये."

"उद्या दुसरी गल्ली आहे. सोमवारी येते."

तेव्हापासून माझी जी येरझार सुरू झाली ती थांबली नाही. एका शब्दाचा प्रश्न. भाडेकरू म्हणावे तर तिने एक पैसा भाडे दिलेले नाही, आणि पट्टीही वाढते. मालकीण म्हणावे तर तेच खोटे होते, जे भाऊजी बोलले. पाहुणी म्हणावे तर चाळीस वर्षे कोण पाहुणे राहते?

रविवारी रवी जालन्याहून आला. मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "आई, सरळ सांग, खोल्या बंद आहेत, कुलूप आहे."

"आत माणूस आहे, रवी."

"मग भाडेकरू लिही. पण तिचं नाव कशातच घालू नको. काकूच्या मागं कोण आहे? उद्या रोहिणखेडचे भाचे-पुतणे येऊन बसतील. तुला ती सुनावणी आठवत नाही का? तू बाकावर कागद घट्ट धरून बसली होतीस, मी शेजारी होतो."

मी म्हणाले, "मला आठवते."

"मग?"

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. तो जेवण अर्धे ठेवून उठला. रवी, तू वाईट बोललास असे मी म्हणत नाही. तू आईच्या बाजूने उभा राहिलास आणि अजून तिथेच उभा आहेस. आता बस.

सोमवारी करिष्मा आली. मी तिला सांगितले, मालक बेबीताई इंद्रभान हिवाळे. भोगवटदार पंचफुला मोतीराम हिवाळे. भाडे नाही. नाते कुटुंबातील. तिने लिहिले, आणि ते पुढे सरकले.

परंतु तो रकाना माझ्या जिवंतपणीचा आहे. मी गेल्यावर तो कोणीही बदलू शकतो. म्हणून हा लेख.

कलम ६. वाटप.

(अ) मागच्या टिनाच्या दोन खोल्या, त्याखालची जागा, आणि अंगणातून मागे जाण्याची वाट माझ्या पश्चात पंचफुला मोतीराम हिवाळे हिच्या पूर्ण मालकीची होईल. हयातीपुरती नव्हे, पूर्ण. तिने त्या विकाव्यात, कोणाला द्याव्यात, रोहिणखेडच्या भाच्याला द्याव्यात, तिची मर्जी. माझ्या मुलांनी हरकत घेऊ नये. या खोल्यांना करासाठी वेगळा मालमत्ता क्रमांक पाडून घ्यावा, म्हणजे एकाच्या थकबाकीची शास्ती दुसऱ्याच्या माथी बसणार नाही.

(आ) समोरचे स्लॅबचे घर व वरची खोली रवी आणि मंजुश्री यांना निम्मे निम्मे. मंजुश्रीने भावासाठी हक्क सोडू नये. तिला तसे सांगायला येणाऱ्या नातेवाइकांना चहा द्यावा आणि पाठवावे. माझा मृत्यूचा दाखला मिळताच दोघांनी मिळून नावे लावण्याचा अर्ज करावा. मेलेल्या माणसाच्या नावाने बिल येत राहणे बरे नाही.

(इ) चक्कीचे दगड, मोटर आणि पट्टे शेखरला. दगडांना टाकी लावायला, म्हणजे खाचा पाडायला, तोच यायचा आणि दरवेळी त्यांच्याकडे पोटच्या मुलींकडे पाहावे तसा पाहायचा. आम्ही चक्की टाकली तेव्हा या गल्लीत काही घरांतून आमच्याकडे दळण येत नव्हते. का येत नव्हते ते त्यांना माहीत होते आणि आम्हांलाही. पुढे दुसरी चक्की बंद पडली, तेव्हा आले. मी कोणाचे पीठ कमी दिले नाही. एवढे लिहून हा विषय सोडते.

(ई) सोन्याची पोत मंजुश्रीला. पतीचा बिल्ला आणि खाकी शर्ट रवीला. बँकेतील ठेवीतून माझा अंत्यविधी आणि दवाखान्याची देणी भागवून उरेल त्याचे तीन भाग करावेत. एक रवीचा, एक मंजुश्रीचा, एक विहारातील मुलांच्या वाचनालयाला.

(उ) त्रिशरण-पंचशील म्हणून मला निरोप द्यावा. पुण्यानुमोदनाला जेवण साधे असावे. जेवणावळीत कोणी जमिनीचा विषय काढू नये.

कलम ७. शेजारी पंजाबराव यांचे सांडपाणी माझ्या भिंतीला लागते, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे आणि इथेही सांगते. हे कलम त्यांनी साक्षीदार होण्यापूर्वी वाचले असून, पाइप टाकतो असे म्हटले आहे. टाकला की मुलांनी हे कलम विसरावे.

कलम ८. या लेखाची अंमलबजावणी मंजुश्रीने करावी. रवीने तिला साथ द्यावी.

हा मजकूर वकील हर्षल खांडेभराड यांनी माझ्या सांगण्यावरून टंकलिखित केला, मला वाचून दाखवला, मी दुरुस्त्या केल्या. सह्या करण्याच्या दिवशी जे झाले ते त्यांनी माझ्या आग्रहाने शेवटी जोडले आहे, ते असे.

दोन साक्षीदार लागत होते. पंजाबराव होते. दुसरी साक्षीदार म्हणून मी पंचफुलाला हाक मारली. कित्येक वर्षांनी मी तिला समोरच्या घरात हाक मारली होती. ती हात पुसत आली. वकील म्हणाले, "आजी, यांना साक्षीदार करता येणार नाही. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षी होऊ नये."

पंचफुलाने विचारले, "मले काय मिळते?"

वकिलांनी कलम सहामधला अ वाचला. ती उभीच होती. मला वाटले रडेल, किंवा नको म्हणेल. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले विचारलं काऊन नाही?"

मी म्हणाले, "देतेच आहे की."

"द्यान तुम्ही. पन मले विचाराच तं लागते ना, बाई. त्यायनंही नाही विचारलं, तुमचं नाव पुसताना. तुम्हीही नाही विचारलं, मले लिवताना. म्या कवा बोलाव?"

पंजाबराव खाली बघू लागले. वकिलांनी टोपण लावून पेन बंद केले. मी उठले. गुडघे धरून उठायला वेळ लागतो. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारले, "पंचफुला, मागच्या दोन खोल्या तुला पाहिजेत का?"

शाळेची घंटा झाली तरी ती हलली नाही.

मग म्हणाली, "पाह्यजेत."

मी वकिलांना पेन उघडायला सांगितले.

तिच्या ऐवजी दुसरी साक्षीदार म्हणून डॉक्टर निशिगंधा मॅडमना दवाखान्यातून बोलावले.

लिहून देणार: बेबीताई इंद्रभान हिवाळे (सही)

आम्ही दोघांनी लिहून देणार यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले, आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:

१. पंजाबराव डोईफोडे, शेजारी (सही)
२. डॉ. निशिगंधा काळुसे (सही)

ठिकाण: देऊळगाव राजा
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५